घरी बसलेल्या मुलाची दहावी

शाळेच्या पटावरून नाव गेलेला आणि कारखान्याच्या हजेरीबुकात अजून नाव न चढलेला असा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा इचलकरंजीच्या कोणत्याही गल्लीत आपल्याला भेटेल. नववीत रखडला, किंवा दहावीला तीन विषय गेले, आणि 'आता शाळेत जाणार नाही' म्हणून घरी बसला. त्याचा बाप आमच्या युनियनच्या कचेरीत येतो आणि बहुधा एकच विचारतो : 'ह्याची दहावी घरूनच करून घ्यायची आहे, पुस्तके कोणती आणू?'

ह्याला उत्तर देण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. मी शिक्षणशास्त्र शिकलेलो नाही. माझी दहावी मागावर काम करीत, बाहेरून झाली, आणि पुढचे सारे वाचन सार्वजनिक वाचनालयाच्या वर्गणीवर. बोनसच्या मागणीपत्रांबरोबर परीक्षेचे अर्जही गेली पंचवीस वर्षे पुष्कळ लिहून दिले, एवढीच माझी पदवी. त्या अनुभवावरून सांगतो की, पुस्तके कोणती हा प्रश्न शेवटचा आहे. त्याआधी मुलगा कोठे अडला हे पाहावे लागते, आणि त्यानंतर परीक्षा कोणत्या मंडळाची द्यायची हे ठरवावे लागते. पुस्तके मग आपोआप ठरतात.

हा प्रश्न नेमका ह्याच वयात का उभा राहतो? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांची जबाबदारी सरकारने घेतली. चौदा संपली की तो हात सुटतो. दुसरीकडे बालकामगारांच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली, तीत चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास मनाई आहे. चौदा ते अठरा वयाला मनाई आहे ती फक्त धोक्याच्या कामांची. म्हणजे एक दार लागते त्याच उंबऱ्यावर दुसरे उघडते. मुलगा त्या उंबऱ्यावर उभा असतो, आणि घरात पैशाची निकड असतेच. ह्या वेळी आपण चुकीचा अभ्यासक्रम त्याच्या गळ्यात बांधला, तर तो आणखी एकदा नापास होईल आणि मग कोणाचेही न ऐकता सायझिंगमध्ये जाऊन उभा राहील.

आता तो अडला कोठे, हे पाहू. 'अभ्यासात लक्ष नाही' हे निदान नव्हे. डोकेदुखीवर 'डोके दुखते' असे लिहून देणाऱ्या डॉक्टरला आपण फी देणार नाही. वर्तमानपत्रातल्या दहा ओळी त्याला मोठ्याने वाचायला सांगा. ८६४ ला ७ ने भागायला सांगा. 'असर' ह्या नावाची देशव्यापी पाहणी आहे. तिने २०२३ साली ग्रामीण भागातील चौदा ते अठरा वयाच्या मुलामुलींना असेच विचारून पाहिले. सुमारे एक चतुर्थांश मुलांना दुसरीच्या पातळीचा उताराही आपल्या भाषेत सरळ वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे उदाहरण बरोबर सोडविणारे निम्म्याहून कमी, ४३.३ टक्के निघाले. असा मुलगा दहावीचे बीजगणित समोर आले की कंटाळा दाखवितो. आळशी म्हणवून घेणे त्याला परवडते, येत नाही असे म्हणणे परवडत नाही.

त्यातच २०२० साली शाळा बंद पडल्या. त्या वेळी चौथी-पाचवीत असलेल्या मुलांनी अपूर्णांक मोबाईलच्या पडद्यावर शिकायचे होते. एका खोलीत मोबाईल एक, भावंडे तिघे, आणि मोबाईल बापाबरोबर कामावर. तीच मुले पुढे नववी-दहावीला पोहोचली. पाया त्या दोन वर्षांत खचला आणि भिंत आता पडते आहे, तर दोष एकट्या मुलाच्या माथी कसा मारणार?

डोळे आणि कान तपासून घ्या, हे सांगायलाच नको. तरी सांगतो, कारण फळा दिसत नसल्यामुळे 'ढ' ठरलेली मुले मी पाहिली आहेत. तोंडी सगळे सांगणारा पण लिहिताना अक्षरे उलटीसुलटी करणारा मुलगा असेल, तर अध्ययन-अक्षमतेची शंका घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ती मान्य केली आहे, आणि सरकारी तपासणीचा दाखला असला की परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. हा दाखला आयत्या वेळी हाती पडत नाही, म्हणून अर्ज भरण्याआधी त्यामागे लागावे.

मंडळ निवडताना आपल्यासमोर मुख्यतः दोन वाटा आहेत. एक आपल्या राज्य मंडळाची, सतरा नंबरच्या फॉर्मची. ही वाट सर्वांना माहीत आहे. पुस्तके बालभारतीची, शेजारच्या मुलीची जुनी मिळतात, भाषा ओळखीची. पण विषय मंडळाने ठरविलेले : तीन भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे. पहिल्या खेपेला सगळ्यांना एकदम बसावे लागते आणि उत्तीर्ण होण्यास ३५ गुण लागतात. राहिलेले विषय पुढे देता येतात, जुलैत पुरवणी परीक्षाही असते. ज्याचा एखाद-दुसराच विषय गेला आहे, त्याने ही वाट सोडू नये. उगीच मंडळ बदलून वर्ष घालविणारे पालक मला भेटतात, त्यांना मी परत पाठवितो.

दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची. केंद्रीय मंडळाने १९७९ साली हा प्रयोग सुरू केला, १९८९ साली त्याची स्वतंत्र संस्था झाली. चौदा वर्षे पूर्ण झालेल्याला तिच्या दहावीला नाव घालता येते. पाच विषय घ्यायचे, त्यांत निदान एक भाषा. गणिताची सक्ती नाही. गृहविज्ञान, चित्रकला, व्यवसाय अध्ययन, डेटा एंट्री असे विषय घेता येतात. परीक्षा वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि दिवाळीच्या सुमारास. उत्तीर्ण होण्यास ३३ गुण. आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी की, पाचही विषय एकदम द्यावे लागत नाहीत. एक दिला, उतरला, तर तो जमा राहतो. नोंदणी पाच वर्षे चालते आणि तेवढ्यात नऊ संधी मिळतात. मराठीतूनही परीक्षा देता येते, मात्र प्रत्येक विषयाचे पुस्तक मराठीत असेलच असे धरून चालू नका. त्या वर्षीचे माहितीपत्रक वाचा. नियम बदलत असतात.

जो मुलगा दोन-तीनदा सर्व बाजूंनी हरला आहे, त्याच्यासाठी मी ही दुसरी वाट सुचवितो, आणि पहिल्या परीक्षेला एकच, फार तर दोन विषय देण्याचा आग्रह धरतो. संपात आम्ही सगळ्या मागण्या एका दिवसात पदरात पाडून घ्यायला निघत नाही. एक मागणी मिळाली की दमलेला माणूस पुन्हा सभेला येतो; पोराचेही तेच आहे. त्याला येणारा विषय आधी, आपल्याला आवडणारा नंतर.

पण गणित सोडण्याची सवलत आहे म्हणून ते डोळे मिटून सोडू नये. आयटीआयमधील इलेक्ट्रिशियन, फिटर अशा ट्रेडना दहावीत गणित-विज्ञान विचारतात. ज्या मुलाचे हात स्क्रूड्रायव्हरवर चालतात, त्याचे गणित काढून टाकणे म्हणजे त्याची शिडी काढून घेण्यासारखे आहे. ते शेवटच्या परीक्षेसाठी ठेवावे, त्याला दोन वर्षे द्यावीत. मुलगी शिवणकामाकडे किंवा दुकानाच्या हिशेबाकडे वळणार असेल तर निराळा विचार करता येईल. इंग्रजी मात्र मी कोणालाच सोडू देत नाही. पुढे जेथे जाईल तेथे ती विचारली जाते.

आता पुस्तकांकडे येऊ. सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती पाचवीचे गणित दिले तर तो ते गादीखाली लपवितो. त्याला मिसरूड फुटले आहे. अपूर्णांक आणि त्रैराशिक त्याला बापाच्या पगारातून शिकवावे. आपल्याकडे मजुरी पिकावर ठरते, पीक म्हणजे इंचातले बाण्याचे धागे. समजा ५२ पिकाच्या कापडाला मीटरमागे १ रुपया ४ पैसे मिळतात, तर पिकामागे पडले २ पैसे. मग ६० पिकाला किती? १ रुपया २० पैसे. हे ज्याला कळले त्याला गुणोत्तर-प्रमाणाचा धडा परका वाटणार नाही, आणि बापाच्या हिशेबातली चूक सापडली तर घरात त्याचा मान वाढेल तो वेगळाच. वाचनासाठी वर्तमानपत्र, क्रिकेटचे वृत्तांत, जे हाती धरील ते. मुक्त विद्यालयाची पुस्तके स्वतः वाचून शिकणाऱ्यासाठी लिहिलेली असतात. परंतु ज्याला वाचताच येत नाही त्याला ती दिली तर पैसे आणि सहा महिने दोन्ही जातात.

मुलींविषयी दोन शब्द. 'हिला अभ्यास नको' असे ज्या मुलीबद्दल सांगतात, तिचा दिवस एकदा मोजून पाहा. पाणी, स्वयंपाक, धाकटे भावंड, वर कांड्या भरणे. तिला अभ्यासक्रम बदलून देण्याआधी दोन तास मोकळे करून द्या. पुष्कळदा तिला जुनाच अभ्यासक्रम पुरतो.

हे तास कोठून काढायचे, हीच घरोघरची खरी अडचण आहे. कामगारांसाठी रात्रीची शाळा जोतीराव फुल्यांनी १८५५ साली काढली, ती दिवस दुसऱ्याच्या मालकीचा होता म्हणूनच. आपल्या मागावर बारा तासांची पाळी अजून चालते. आठ तासांच्या हक्काबद्दल मी दुसऱ्या व्यासपीठावर बोलत असतो. येथे एवढेच म्हणतो की, बापाची दिवसपाळी असेल त्या आठवड्यात रात्री नऊ ते दहा, रातपाळी असेल तेव्हा निघण्यापूर्वीचा एक तास, असे वेळापत्रक भिंतीवर लावावे. बापाला विषय येत नसेल तरी चालेल. त्याने समोर बसून मुलाकडून समजावून घ्यावे. गल्लीत बारावी झालेली एखादी मुलगी असतेच, तिला आठवड्यातून तीन दिवस बोलवावे आणि तिच्या श्रमाचे पैसे द्यावेत, फुकट राबवू नये. मुक्त विद्यालयाच्या गृहपाठांना २० टक्के गुण असतात. पुष्कळ मुले ते मुदतीत देतच नाहीत आणि परीक्षेआधीच तेवढे गमावून बसतात. ती तारीखही त्याच भिंतीवर, पाळीच्या शेजारी लिहून ठेवावी.