गच्चीवर सोलर, तरी घरात अंधार

गच्चीवर सोलर आहे, पण लाइट गेली की भर दुपारीही पंखा बंद. ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर वीज जाताच मुद्दाम थांबतो. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला सोलरच्याच विजेचा झटका बसायचा. घर चालू ठेवायचं तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी हवी. ५ युनिटांच्या लिथियम बॅटरीवर फ्रिज, चार पंखे, दिवे, वायफाय असा ४०० वॅटचा भार दहा-अकरा तास निघतो. २,००० वॅटचा गीझर लावलात, तर सव्वादोन तासांत खेळ खलास! लेड-अ‍ॅसिड बॅटरी स्वस्त, पण वारंवार निम्म्याखाली उतरवली की लवकर दगावते. वर डिस्टिल्ड वॉटर घालायची कटकट. जिथे नेट मीटरिंग आहे आणि वीज क्वचितच जाते, तिथे बॅटरी ही माझ्या मते चैनच.