भरती जिथवर चढते: रोहा-अष्टमीतील एक दिवस

रायगड जिल्ह्यातील रोहा हे तालुक्याचे ठिकाण कुंडलिका नदीच्या दक्षिण तीरावर आणि त्याचे जुळे गाव अष्टमी उत्तर तीरावर वसलेले असून दोहोंचा कारभार एकाच नगरपरिषदेकडे आहे. रोह्याला खेटून वाढलेले वरसे मात्र आजही ग्रामपंचायतीच्या कारभारात आहे. रेवदंड्यापाशी समुद्राला मिळणाऱ्या या नदीत भरतीचे पाणी रोह्यापर्यंत चढते आणि त्याच्या वर गोड्या पाण्याचा प्रवाह सुरू होतो. गलबतांनी आणलेला माल जेथे उतरवावा लागे आणि घाटवाटांनी आलेला माल जेथे गलबतांवर चढे, तेथे पेठ उभी राहणे स्वाभाविकच होते. म्हणून एका दिवसात हे शहर समजून घ्यायचे, तर त्याची ओळख देवळांच्या किंवा वाड्यांच्या यादीपेक्षा नदीपासून करून घेणे अधिक योग्य ठरते.

दिवसाची सुरुवात उन्हे चढण्याआधी, शहराच्या उत्तरेकडील अवचितगडावर व्हावी. मेढे, पिंगळसई आणि पडम या गावांतून वर जाणाऱ्या वाटा दाट झाडीतून जातात, त्यामुळे वाट माहीत असलेला स्थानिक माणूस बरोबर असणे हिताचे. किल्ल्याची उभारणी शिलाहारकाळापर्यंत मागे नेली जाते, परंतु त्याचे प्रयोजन उमगण्यासाठी इतिहासाच्या ग्रंथांइतकीच तटावरची जागाही उपयोगी पडते, कारण तेथून कुंडलिकेचे पात्र आणि दोन्ही काठांवरील शेती एका नजरेत येते. खाडीतून होणाऱ्या वाहतुकीवर लक्ष ठेवणे हेच अशा गडाचे काम होते. गडावर खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांचा समूह, बारा कोनांचा एक बांधीव तलाव आणि महादेवाचे स्थान आहे. बुरुजावर बसवलेल्या शिलालेखात शके १७१८, नल संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा अशी तिथी कोरलेली आहे. साठ नावांच्या चक्रातून दरवर्षी येणाऱ्या नावाला संवत्सर म्हणतात. या लेखातील पाडवा इ. स. १७९६ मधला, म्हणजे उत्तर पेशवाईतील ठरतो. त्या काळातही गडाच्या बांधकामाकडे लक्ष दिले जात होते, हे त्यावरून दिसते.

गडावरून उतरल्यावर अष्टमीला यावे. शिवराज्याभिषेकाच्या निमित्ताने मे १६७४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन मुंबईहून निघाला, तेव्हा तो चौलहून जलमार्गाने अष्टमीपर्यंत आला आणि तेथून निजामपूरमार्गे खुष्कीने रायगडाकडे गेला. राजधानीकडे जाणारी एक महत्त्वाची वाट या धक्क्यावरून सुरू होत होती, तरीही रायगडाच्या सहलींत अष्टमीचे नाव क्वचितच निघते, ही खेदाची गोष्ट आहे.

दुपारी पूल ओलांडून रोह्याच्या बाजारपेठेत शिरावे. एकोणिसाव्या शतकात मुंबईला तांदूळ पुरवणारी मोठी पेठ म्हणून रोह्याची ख्याती होती. गलबते गेली, तरी आसपासच्या गावांना आठवड्याच्या खरेदीसाठी आजही येथेच यावे लागते. थंडीत वालाच्या शेंगा बाजारात आल्या की पोपटीचा हंगाम सुरू होतो. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला घालून त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी किंवा मसाला लावलेली कोंबडी रचतात, पाण्याचा थेंबही न घालता तोंड पुन्हा पाल्याने बंद करतात, आणि मडके शेतात उपडे ठेवून भोवती पेंढा व काटक्या पेटवतात. त्या पाल्याचा उग्र वास शेंगेत उतरतो, आणि त्याच्याशिवाय भाजलेल्या शेंगेला येथे कोणी पोपटी म्हणत नाही.

बाजारातून धावीर महाराजांच्या मंदिरात जाता येते. धावीर हे रोह्याचे ग्रामदैवत. नवरात्रानंतर पालखी निघते तेव्हा देवाला पोलिसांकडून सशस्त्र मानवंदना दिली जाते आणि मग पालखी शहरभर फिरते. ब्रिटिश अमदानीपासून चालत आलेला हा मान रोहेकर अभिमानाने सांगतात, आणि नोकरीसाठी बाहेर गेलेली माणसे या दिवसांत आवर्जून गावी येतात.

या लहानशा शहराशी नाते असलेल्या दोन व्यक्तींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, ही गोष्ट शहराबाहेर फारशी ठाऊक नाही. त्यांपैकी चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ मध्ये महाडजवळील नाते येथे झाला, पण घराणे रोह्याचे. १९१८ च्या आय.सी.एस. परीक्षेत ते पहिले आले, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५२ मध्ये कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले आणि केंद्रीय अर्थमंत्री असताना, मुंबई महाराष्ट्राला देण्याच्या प्रश्नावरून १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. त्यांना हा पुरस्कार १९५९ मध्ये मिळाला. स्वाध्याय परिवाराचे प्रवर्तक पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म १९२० मध्ये रोह्यातच झाला आणि त्यांना तो १९९६ मध्ये मिळाला.

दिवसाचा शेवट वरशाच्या बाजूला करावा, कारण नदीची आजची कथा तेथे कळते. १९२७ पासून मुळशी धरणाचे पाणी भिरा येथील वीजगृहात वीज निर्माण करून कुंडलिकेत सोडले जाते. सह्याद्रीच्या पूर्वेकडे जाणारे हे पाणी पश्चिमेला वळवल्यामुळेच कुंडलिका उन्हाळ्यातही वाहती राहते, कोलाडला तराफ्यांचा खेळ चालतो आणि कालव्यांवर भाताचे दुसरे पीक निघते. मुळशीच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनींसाठी १९२१ मध्ये सत्याग्रह केला होता, त्याचे स्मरण या हिरव्या पट्ट्यात ठेवायलाच हवे. याच पाण्याच्या आधारावर धाटावची औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि वरशासारखी गावे शहराची उपनगरे होऊन गेली. रसायनांच्या कारखान्यांनी हजारोंना रोजगार दिला, पण सांडपाण्यामुळे खाडीतली मासळी घटल्याची मच्छीमारांची तक्रारही तितकीच जुनी आहे. परतीच्या प्रवासासाठी रोहा स्थानक सोयीचे असून मध्य रेल्वेची हद्द तेथे संपते आणि मंगळूरच्या दिशेने सुमारे ७४० किलोमीटर जाणारी कोकण रेल्वे तेथूनच सुरू होते.