नट-बोल्टवर उभा असलेला छंद

१९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला. परदेशातून पेट्यांमधून सुटे भाग यायचे आणि इथे शेव्हरोलेच्या मोटारी आणि ट्रक उभे राहायचे. स्वातंत्र्यानंतर सरकारचं धोरण बदललं. नुसती जुळवणी पुरे नाही, भागही इथेच बनवा, असा आग्रह सुरू झाला आणि १९५४ मध्ये कंपनीने शिवडीतून गाशा गुंडाळला. शेव्हरोलेचा जो पिकअप पुढे अमेरिकी हौशी माणसाचा जीव की प्राण ठरला, तो त्यामुळे आपल्या रस्त्यांवर कधी रुळला नाही. त्याचं नाव सी-टेन. त्यातही १९६७ ते १९७२ या सहा वर्षांतली घडण लोक शोधून शोधून घेतात, घरच्या गॅरेजात उघडतात आणि शनिवार-रविवार त्याच्याखाली पाठीवर झोपून काढतात.

अमेरिकेत जुन्या गाड्यांना तोटा नाही. तरीही पहिल्यांदाच पाना हातात घेणाऱ्याला जाणते लोक पिकअपच घ्यायला सांगतात. त्याची कारणं प्रेम किंवा आठवणी यांच्यापेक्षा बरीच रोखठोक आहेत. ती या ट्रकच्या सांगाड्यात, सुट्या भागांच्या बाजारात आणि कायद्यात सापडतात.

शेतावरचं वाहन

कारखान्यातून तयार पिकअप मिळण्याआधी अमेरिकी शेतकरी मोटारीचा मागचा भाग कापून तिथे स्वतःच लाकडी खोका बसवायचे. ही गरज ओळखून फोर्डने १९२५ मध्ये मॉडेल टी मोटारीला मागे पोलादी हौदा लावून विकायला काढला. किंमत होती २८१ डॉलर. गाडीत घरी फेरफार करायची सवय अशी तयार पिकअपपेक्षाही जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ मध्ये शेव्हरोलेने नव्या घडणीचे ट्रक आणले, १९५५ मध्ये त्यांना व्ही-एट इंजिन मिळालं आणि १९६७ मध्ये सी-टेनची ही लाडकी घडण आली.

त्याच्या नावातच त्याची कुंडली आहे. ‘सी’ म्हणजे मागच्या दोन चाकांवर चालणारा, ‘के’ म्हणजे चारही चाकांवर चालणारा. ‘टेन’ म्हणजे अर्ध्या टनाचा वर्ग. लांब हौदा आठ फुटांचा, आखूड साडेसहा फुटांचा. खाली जाड पोलादी लॅडर फ्रेम. तिच्यावर रबरी गट्टे ठेवून बोल्टने बसवलेली केबिन आणि तिच्यामागे वेगळा बोल्टने बसवलेला हौदा. पुढची मडगार्डं, बॉनेट, जाळी हेही बोल्टनेच. मोटारीत बॉडी आणि चासी एकजीव झाली की गंजलेला भाग कापताना सगळ्या गाडीचा तोल सांभाळावा लागतो. इथे हौदा काढून बाजूला ठेवता येतो. दोन-तीन मित्र आणि इंजिन उचलायची घोडी असली की केबिनही उतरते.

इंजिनाची खोली ऐसपैस आहे. साधं सहा सिलिंडरचं ४.१ लिटरचं इंजिन बसवल्यावर दोन्ही बाजूंना इतकी जागा उरते की माणूस आत उभा राहून काम करू शकतो. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाहीत. कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट, बारा व्होल्टची बॅटरी आणि मोजक्या तारा. बिघाड कान आणि नाक यांनी पकडता येतो.

बहुतेक पिकअपना मागे पाटे असतात, पण शेव्हरोलेच्या या ट्रकला कॉइल स्प्रिंग आणि गाडीच्या लांबीच्या दिशेने जाणारे दोन लांब दांडे दिलेले होते. ही मांडणी इतकी उपजत चांगली निघाली की अमेरिकेतल्या नॅसकार शर्यतींच्या मोटारींनी ती उचलली. शर्यतीचा मुख्य वर्ग २०२१ पर्यंत तिच्याच वारशावर धावत होता. हौशी लोकांना तिचा फायदा वेगळाच झाला. कॉइल बदलली की ट्रक काही इंच खाली बसतो. खाली बसलेला ट्रक ही तर या छंदाची पहिली खूण.

खरेदी म्हणजे गंजाची परीक्षा

असा ट्रक घेताना इंजिन शेवटी बघतात. इंजिन दुसरं मिळतं, पत्र्याचं काम मात्र महिनोन्‌महिने खातं. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या आणि मध्य-पश्चिमेच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात. ते खाऱ्या पाण्यासकट फटीफटींत शिरून पत्रा आतून पोखरतं. ॲरिझोना, न्यू मेक्सिकोसारख्या कोरड्या राज्यांतला ट्रक उन्हाने रंग उडालेला, सीट फाटलेली असा दिसतो, पण त्याचा पत्रा शाबूत असतो. म्हणून जाणकार बाहेरून चकचकीत रंगवलेल्या ट्रकपेक्षा वाळवंटातला कळकट ट्रक पसंत करतात.

गंजायच्या जागा ठरलेल्या आहेत. केबिनचे मागचे खालचे कोपरे, दरवाजाखालची पट्टी, पायाखालचा पत्रा, पुढच्या काचेची चौकट आणि केबिन जिथे फ्रेमवर टेकते ते ठिकाण. तिथे चुंबक लावून बघतात. तो चिकटला नाही तर आत पत्रा नसून लांबी भरलेली आहे, हे कळतं. ग्लव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आत कारखान्याने चिकटवलेला कागद टिकून राहिला असेल, तर तो ट्रक मुळात कोणकोणत्या सोयींसह निघाला होता हे त्यावर सांकेतिक आकड्यांत लिहिलेलं असतं. त्यावरून विक्रेत्याची थाप तिथल्या तिथे उघडी पडते.

उघडणं सोपं, जोडणं अवघड

सोडवायच्या कामात हौशी माणूस दोनदा फसतो. पहिल्यांदा गंजून बसलेल्या बोल्टपाशी. जोर लावला की मुंडकं तुटतं आणि दहा मिनिटांचं काम दुपारभर चालतं. त्यावर उपाय जुनाच आहे: भेदक तेल टाकून रात्रभर थांबायचं, मग गॅसच्या ज्योतीने नट तापवायचा, घट्ट आणि सैल असा आळीपाळीने हलवायचा. दुसऱ्यांदा तो फसतो वर्षभराने, जोडणी करताना. कोणता बोल्ट कुठला, हे तोवर कोणालाच आठवत नाही. म्हणून शहाणे लोक प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो घेतात, बोल्ट पिशवीत घालून वर नाव लिहितात आणि शक्य असेल तर काढलेला नट त्याच भोकात परत लावून ठेवतात.

लहान भागांचा गंज काढायला विजेची युक्ती वापरतात. प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी आणि धुण्याचा सोडा घ्यायचा, गंजका भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि टाकाऊ लोखंडाचा तुकडा धन टोकाला जोडायचा. काही तासांत गंज सुटतो आणि धातू फारसा झिजत नाही. यात हायड्रोजन वायू निघतो म्हणून काम उघड्यावरच करायचं. धन टोकाला स्टेनलेस स्टील मात्र कधीच लावायचं नाही, कारण त्यातून पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं.

पत्र्याचं खरं काम वेल्डिंगचं. केबिनचा पत्रा साधारण एक मिलिमीटर जाडीचा. सलग वेल्डिंग ओढलं की तो तापून मुरडतो. म्हणून एक टाका इथे, दुसरा चार बोटं सोडून, असं करत जातात आणि मध्ये पत्रा निवू देतात. दरवाजाखालची पट्टी कापण्याआधी केबिनमध्ये आडवे-उभे पाइप जोडून घेतात, नाहीतर केबिन किंचित बसते आणि नंतर दरवाजा लागत नाही. जोडावर सीलर, पोकळ भागात आतून मेण आणि शेवटी हात फिरवून सपाटी तपासायची. लांबी जितकी पातळ तितकं काम चांगलं.

या ट्रकची एक घातक जागा सीटच्या मागे आहे. जवळजवळ ७५ लिटरची पेट्रोलची टाकी केबिनच्या आतच असते. वेल्डिंगआधी ती बाहेर काढावीच लागते. रिकामी टाकी निर्धोक असते हा गैरसमज आहे, कारण आतली वाफच स्फोट करते. बहुतेक लोक पुढे ही टाकी हौद्याखाली फ्रेममध्ये हलवतात. सुरक्षेच्या बाबतीत हा सगळ्यात मोलाचा बदल.

आरोग्याची दोन पथ्यंही इथे येतात. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवायची नाही, ओली करून पुसायची. आणि हार्डनर मिसळून मारायच्या आधुनिक रंगात आयसोसायनेट असतात, त्यांच्यामुळे कायमचा दमा जडू शकतो. घरी फवारा मारायचा तर बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा हवा. तो नसेल तर रंग बाहेर द्यावा.

मूळ रूप की नवं रूप

इथे हौशी लोकांचे तट पडतात. एका तटाला बोल्टवरची खूणसुद्धा कारखान्यातल्यासारखी हवी. दुसरा तट म्हणतो, रूप जुनं ठेवा, चाल आजची द्या. तिसऱ्याला उडालेला रंग आणि गंजाचे डाग हीच शोभा वाटते. तो त्यावर पारदर्शक थर मारून तसेच जपतो.

ब्रेकच्या बाबतीत तिघांनाही विचार करावाच लागतो. १९७१ पासून पुढे डिस्क ब्रेक कारखान्यातूनच आले. त्याआधीच्या ट्रकला चारही चाकांना ड्रम आहेत. कंपनीने पुढे वापरलेलाच भाग जुन्या ट्रकला बसवता येतो, म्हणून हा बदल अतिशय रूढ आहे.

इंजिनाच्या बाजूला पेट्रोलचा प्रश्न येतो. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीटना पेट्रोलमधल्या शिशाचा आधार असे. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोल १९९६ मध्ये पूर्ण बंद झालं, भारतात २००० मध्ये. इंजिन उघडलंच आहे तर कठीण धातूच्या सीट बसवून घ्याव्यात. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचे पडदे खातं, तेव्हा तेही बदलावे लागतात. आपल्याकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यावर जुन्या जीपवाल्यांनाही हाच धडा लागू आहे.

सगळ्यात मोठा बदल म्हणजे इंजिनच बदलणं. शेव्हरोलेचं १९५५ चं छोटं व्ही-एट इतकं रुजलं की त्याच्या वंशातलं दहा कोटीवं इंजिन २०११ मध्ये बाहेर पडलं. भंगारातल्या १९९९ नंतरच्या ट्रकमधलं ५.३ लिटरचं व्ही-एट उचलून सी-टेनमध्ये बसवणं हा आज ठरलेला मार्ग आहे. त्यासाठीचे गट्टे, तारा, टाकीतला पंप असे तयार संच मिळतात. २०१९ मध्ये तर खुद्द शेव्हरोलेने १९६२ चा सी-टेन विजेवर चालवून लास वेगासच्या सेमा प्रदर्शनात मांडला.

या सगळ्याला कायदा वाव देतो. कॅलिफोर्नियासारख्या धुराबाबत कडक राज्यातसुद्धा १९७५ किंवा त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना धूरतपासणीतून सूट आहे. १९७२ चा ट्रक या रेषेच्या सुरक्षित बाजूला आणि १९७६ चा पलीकडे. दोघांच्या मागणीतला फरक समजायला एवढी तारीख पुरते. मागणी आहे म्हणून कारखाने आजही या ट्रकची मडगार्डं, दरवाजे, हौद्याच्या फळ्या नव्याने बनवतात, आणि भाग मिळतात म्हणून आणखी ट्रक रस्त्यावर येतात.

आपल्या दारात

असं वाहन आपल्याकडेही होतं. विलीसच्या परवान्यावर महिंद्राने बनवलेली जीप याच घडणीची: वेगळी चासी, सपाट पत्रा, उघडे नट-बोल्ट. कुर्ल्याच्या किंवा पुण्यातल्या नाना पेठेच्या दुकानांत धुंडाळलं तर भाग मिळायचे आणि गावचा मिस्त्री बाकीचं जमवायचा. १९८८ मध्ये टेल्कोने पुण्यातून टाटामोबाइल हा पिकअप आणला. त्याच्याच पायावर १९९१ ची सिएरा उभी राहिली. सिएरा आज लोक जपतात. तिचा बाप असलेला पिकअप मात्र भाजी, सिमेंट, वाळू वाहून झिजतो आणि भंगारात जातो.

कारण आपल्याकडे छंद कागदावर अडतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने नोंदवलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ ठामपणे मांडला. मंजूर सीएनजी किंवा विजेच्या संचांसारखे अपवाद आहेत, तेही परिवहन कार्यालयाच्या नोंदीनेच. जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं. पण अट अशी की गाडी मूळ रूपातच हवी आणि ती रोजच्या किंवा धंद्याच्या वापरात नको.

म्हणजे पन्नास वर्षांची, अजिबात न बदललेली गाडी मान्य. तीस वर्षांचा पिकअप घेऊन त्याला चांगले ब्रेक, खांद्यावरून येणारे पट्टे आणि कमी धूर करणारं इंजिन बसवणाऱ्याला मात्र सरळ वाट नाही. कलम ५२ चा हेतू रास्त आहे. गल्लीबोळांत वेल्डिंग करून चासी लांबवलेल्या गाड्या माणसं मारतात. पण सरसकट मनाई हा त्यावरचा सगळ्यात आळशी उपाय आहे. फिटनेससाठी यंत्रांवर चालणारी तपासणी केंद्रं आता देशात उभी राहत आहेत. त्यांच्यातच बदललेल्या जुन्या गाडीचे ब्रेक, वेल्डिंग, दिवे आणि धूर तपासून तिला स्वतंत्र वर्गात नोंद देता येईल. भागांच्या आणि दुरुस्तीच्या माहितीच्या बाबतीत केंद्राने २०२२ च्या अखेरीस दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ काढलं आणि त्यात वाहनंही घेतली. पुढचं पाऊल परिवहन खात्याने टाकायला हवं.

तोवर घरच्या आवारात जुना पिकअप उभा असेल, तर क्रम सांभाळा. आधी आरसी पुस्तक वाचा: नोंदणीची मुदत, माल वाहनाचं फिटनेस, चासी आणि इंजिन क्रमांक जुळतात का, हे तपासा. मग ब्रेक, मग स्टिअरिंग, मग पत्रा. इंजिनाला हात त्यानंतर लावा आणि रंगाचा डबा सगळ्यात शेवटी उघडा.