अंड्याचे कवच आणि जयपूरची माती

न्याहारीनंतर उरलेली अंड्यांची टरफले चुरून गुलाबाच्या किंवा टोमॅटोच्या मुळाशी टाकण्याची चाल अनेक घरांत आढळते. टरफलांतून झाडाला कॅल्शियम मिळते, अशी त्यामागील समजूत आहे. ती खोटी नव्हे. परंतु माती कोणती, हे विचारल्यावाचून तिचा उपयोग नाही. हा प्रश्न विचारण्यास राजस्थानातील जयपूर फार योग्य स्थळ होय.

कोंबडीच्या एका अंड्याचे कवच साधारणतः ५ ते ६ ग्रॅम भरते. त्याचा सुमारे ९५ टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेटचा असतो; म्हणजे प्रत्येक कवचात जवळजवळ २ ग्रॅम कॅल्शियम असते. खडू, चुनखडी आणि जयपूरच्या पश्चिमेकडील मकराण्याचा संगमरवर ही ह्याच जातीची द्रव्ये आहेत. ज्या दगडाने ताजमहाल उभा राहिला, त्याचा सगोत्र पदार्थ आपण रोज केरात टाकतो! मात्र हे नाते लक्षात घेतले म्हणजे अडचणही ध्यानात येते. ताजमहाल साडेतीन शतकांहून अधिक काळ पाऊस सोशीत उभा आहे. कॅल्शियम कार्बोनेट शुद्ध पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. लिटरभर पाण्यात ते जेमतेम १५ मिलिग्रॅमच्या आसपास विरघळते. ते विरघळविते आम्ल. टरफलाचा तुकडा व्हिनेगरमध्ये टाकून पाहावा. बुडबुडे येऊ लागतात, ते कार्बन डायऑक्साइड वायूचे होत.

मातीत हे आम्ल कोठून येणार? कोकणात दरवर्षी सुमारे ३०० सेंटिमीटर पाऊस पडतो. तो जांभ्या मातीतील क्षार धुऊन नेतो व माती आम्लधर्मी होते. तेथे टरफलाची बारीक पूड मातीतील आम्लता कमी करते आणि कॅल्शियमही पुरविते. पूड मात्र खरोखर बारीक हवी. अमेरिकेतील ऑबर्न विद्यापीठात केलेल्या प्रयोगात हाताने चुरलेल्या टरफलांचा फारसा उपयोग झाला नाही. दळून केलेल्या पुडीने चुनखडीसारखेच काम केले.

जयपूरची स्थिती ह्याच्या उलट आहे. तेथे वर्षाला सुमारे ६० सेंटिमीटर पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात बाष्पीभवन तीव्र असते. क्षार धुऊन न जाता मातीतच साचतात. तेथील रेताड माती बहुधा अल्कधर्मी असते. पुष्कळ ठिकाणी तिचा सामू ८ च्या वर जातो. विहिरींचे पाणीही अनेक ठिकाणी कठीण, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमयुक्त असते. अशा बागेत टरफले वर्षानुवर्षे जशीच्या तशी पडून राहतात, आणि विरघळली तरी जे विपुल आहे त्यातच भर घालतात.

खरी उणीव वेगळीच असते. पेरूची किंवा लिंबाची कोवळी पाने पिवळी पडतात, पण त्यांच्या शिरा हिरव्या राहतात. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण होय. मातीत लोह असते. परंतु चुनखडीयुक्त अल्कधर्मी मातीत ते मुळांना घेता येत नाही. पिवळे झाड पाहून आणखी टरफले घालणारा माळी रोगाच्याच बाजूने काम करीत असतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. तेथे शेणखत व पालापाचोळ्याचे कुजलेले खत द्यावे, आणि जरूर तेव्हा हिराकशीच्या अर्धा टक्का द्रावणाची पानांवर फवारणी करावी.

टोमॅटोच्या फळाचे बूड काळे पडणे हा विकार कॅल्शियमअभावी होतो हे खरे. तथापि कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर झाडात चढते. एक दिवस कोरडा व दुसऱ्या दिवशी भरपूर पाणी, असा क्रम असेल तर कॅल्शियमसंपन्न मातीतही फळ उपाशी राहते. तेथे नियमित पाणी हाच उपाय.

मातीची परीक्षा घरीही करता येते. कोरड्या मातीच्या ढेकळावर व्हिनेगरचे काही थेंब टाकावेत. फेस आल्यास तीत मोकळा चुना आहे असे समजावे. फेस न आला म्हणजे चुना नाही, असे मात्र ठरवू नये, कारण अल्प प्रमाण ह्या रीतीने कळत नाही. नेमकी माहिती मृदापरीक्षण प्रयोगशाळेत मिळते. शेतकऱ्यांसाठीची मृदा आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ साली राजस्थानातीलच सुरतगड येथे सुरू झाली.

जयपूरच्या घरात टरफले टाकवत नसतील, तर ज्यांच्याकडे कोंबड्या आहेत त्यांना ती द्यावीत. चांगली भाजून, बारीक करून ती खाद्यात मिसळता येतात. पुढच्या अंड्याचे कवच घडविण्यास कोंबडीला ह्याच द्रव्याची गरज असते.