इनामगावचे खापर आणि चित्रकाराची रेघ

कॅमेरा असताना खापराचे चित्र कशासाठी? अमेरिकेत १९३५ ते १९४२ या काळात मंदीने बेकार झालेल्या चित्रकारांकडून लोककलेतील नित्याच्या वस्तूंची सुमारे १८ हजार चित्रे, बहुतांशी जलरंगात, काढून घेण्यात आली. रंगीत छायाचित्रण तेव्हा भरवशाचे नव्हते. घोड नदीकाठच्या इनामगावात (ता. शिरूर) डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ दरम्यान केलेल्या उत्खननात सापडलेल्या, तांबड्यावर काळी नक्षी असलेल्या जोर्वे भांड्यांची गोष्ट निराळी. अशा भांड्याच्या रेखाटनात मधोमध उभी रेघ असते. एकीकडे बाह्यरूप, दुसरीकडे छेद. भिंतीची जाडी छायाचित्रात दिसत नाही. काठाच्या तुकड्याच्या वक्रतेवरून अख्ख्या भांड्याचा व्यास काढतात. तो चुकला, तर वाटीची परात व्हायची!