मालक तिघे, जबाबदार कोण?

सकाळचे सहा वाजलेले असतात. अमरावतीच्या एका चार मजली इमारतीत पाण्याची मोटर सुरू होते. ती सुरू करणारा भाऊ रात्रभर फाटकाशी बसलेला असतो. सात वाजता जिना झाडणारी बाई येते. दोघेही तुमच्या-आमच्यासारख्याच घरातले. त्यांना सहज विचारले, "तुम्ही कामाला कोणाकडे?" तर दोघेही क्षणभर एकमेकांकडे पाहतात.

"सेक्रेटरी साहेबाचं ऐका लागते, फ्लॅटवाल्याइचं ऐका लागते, अन् पगार एजन्सीवाला देते. आता मालक कोनाले म्हनाव, तुमीच सांगा भाऊ!"

या एका वाक्यात या नोकरीची सारी कहाणी आली. फ्लॅटधारकांची सोसायटी असते, तिची कमिटी असते. पहारा, झाडलोट, मोटर, लिफ्ट ही कामे कमिटी स्वतः करीत नाही, एजन्सीला देते. एजन्सी माणसे पुरवते आणि महिन्याचे बिल लावते. कागदावर माणूस एजन्सीचा, काम सोसायटीचे, आणि हुकूम सोडणारे घरोघरी!

आपल्या वडिलांच्या पिढीचे असे नव्हते. अकोल्याची सावतराम गिरणी किंवा अचलपूरची विदर्भ मिल आठवा. १९७४ च्या कायद्याने सरकारने ताब्यात घेतलेल्या आजारी गिरण्यांत या दोन्ही होत्या. तिथे कष्ट कमी नव्हते. पण फाटक एक होते, हजेरी एक होती, आणि गाऱ्हाणे कोणाकडे न्यायचे हे ठाऊक होते. गिरण्यांचे भोंगे थांबले. त्या घरांतली मुले आज इमारतींच्या फाटकावर बसतात, तेव्हा भांडायला समोर कोणी सापडत नाही.

अकोल्याच्या एका भावाचे ऐका. दोन महिने पगार थकला. एजन्सी म्हणाली, सोसायटीचे बिल आले नाही. सोसायटी म्हणाली, आम्ही चेक कधीच दिला. "मी चेंडूसारखा इकून तिकडे फिरलो," तो सांगतो. घरी मात्र किराणा दुकानदाराची वही कोणासाठी थांबत नव्हती.

जिना झाडणाऱ्या बाईंची गोष्ट निराळी. सहा वर्षे त्याच इमारतीत, तोच झाडू, तोच जिना. मधल्या काळात एजन्सी मात्र तीनदा बदलली. दर वेळी नव्या वहीत नाव नव्याने चढले, म्हणजे बाई दर वेळी नवीनच! पगारातून फंड कापला जात होता. तो कुठे जमा झाला, हे त्यांना कोणी सांगितले नाही आणि त्यांनीही विचारले नाही. "इचारलं तर उद्या येऊ नको म्हनतीन," ही भीती.

ही भीती खोटी नाही. पण कायदा काय म्हणतो, तेही ठाऊक असू द्या.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळीत होते. किमान वेतनाचे विधेयक त्यांनीच एप्रिल १९४६ मध्ये मांडले. त्याचा कायदा १९४८ साली झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी वेतन संहिता, २०१९ आली आहे. तिच्या ४३ व्या कलमात आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. नेमणाऱ्याने पगार दिला नाही, तर ज्या आस्थापनेत माणूस काम करतो तिची मालक असलेली कंपनी, फर्म किंवा संघटना त्या पगाराला जबाबदार राहते. म्हणजे "एजन्सीला विचारा" एवढे म्हणून कमिटीला हात झटकता येत नाहीत.

महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत मिळाला पाहिजे. कामावरून काढले, तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता झाला पाहिजे. नेहमीच्या तासांपेक्षा जास्त काम घेतले, तर त्या वेळेचा दर दुप्पट. थकलेल्या रकमेसाठी तीन वर्षांच्या आत दावा करता येतो.

आता फंडाचे. २० किंवा अधिक कामगार असलेल्या एजन्सीला भविष्य निर्वाह निधी लागू होतो. आणि ही मोजदाद एका इमारतीची नव्हे, तर एजन्सीच्या सगळ्या माणसांची होते. कामगाराचा वाटा साधारणपणे १२ टक्के, आणि मालकानेही तेवढाच भरायचा. २०१४ पासून प्रत्येक सभासदाला यूएएन हा बारा आकडी क्रमांक मिळतो. एजन्सी बदलली तरी हा क्रमांक बदलत नाही. ज्या बाई दर वेळी नव्या ठरल्या, त्यांची सहा वर्षे या एका क्रमांकाखाली जोडलेली असायला हवी होती.

तेव्हा आजच एक काम करा. घरात एक पिशवी ठेवा. नेमणूकपत्र, पगाराची पावती, ओळखपत्र, बँकेचे पासबुक त्यात ठेवा. हजेरी स्वतःच्या वहीत रोज लिहा. लिहिता येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या मुलीला लिहायला सांगा. फंडाचे पासबुक मोबाईलवर कसे पाहायचे, हे ती दोन मिनिटांत दाखवील. आणि पगार थकला तर एकट्याने जाऊ नका. चौघे मिळून लेखी अर्ज द्या, एक प्रत एजन्सीला, एक सोसायटीला, एक कामगार आयुक्त कार्यालयाला. पोच घेतल्याशिवाय परतू नका.

शेवटी एक कडू गोष्ट. आपल्यातलेही काही जण शिकून, नोकरी करून आता फ्लॅटमध्ये राहायला गेले, कमिटीवर बसू लागले. याचा आनंदच आहे. पण सभेत तीन एजन्सींचे दर समोर येतात, तेव्हा सर्वांत कमी दराला हात वर करण्याआधी एक विचारा. एवढ्या पैशात माणसाला किमान वेतन आणि फंड बसतो काय? नसेल बसत, तर ती बचत कोणाच्या ताटातून आली?

खाली फाटकाशी रात्रभर जागणारा माणूस त्याचे उत्तर जाणतो. त्याला विचारून पाहा. आणि विचारताना "ए वॉचमन" म्हणू नका, भाऊ म्हणा.