कुवेतवरची चढाई : कारणे आणि किंमत

२ ऑगस्ट १९९० च्या पहाटे इराकचे सैन्य सीमा ओलांडून कुवेतमध्ये घुसले. दोन दिवसांत कुवेतचा प्रतिकार संपला आणि अमीर शेख जाबेर यांना सौदी अरेबियाचा आश्रय घ्यावा लागला. एक देश शेजाऱ्यावर का चालून जातो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे या घटनेतून नीट समजते.

कर्जाचा डोंगर

१९८० ते १९८८ अशी आठ वर्षे इराक इराणशी लढला. हाती काही लागले नाही, तिजोरी मात्र रिकामी झाली. या काळात कुवेतने इराकला सुमारे १४ अब्ज डॉलर दिले होते. इराणला थोपवून आपण साऱ्या अरबांचे रक्षण केले, तेव्हा हे कर्ज माफ करा, अशी इराकचे अध्यक्ष सद्दाम हुसेन यांची मागणी होती. कुवेतने ती मान्य केली नाही.

तेल, समुद्र आणि जुना दावा

कुवेत ‘ओपेक’ या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त तेल काढत होता. त्यामुळे भाव पडत होते आणि तेलावरच जगणाऱ्या इराकचे नुकसान होत होते. सीमेवरच्या रुमैला क्षेत्रात तिरक्या विहिरी खोदून कुवेत आपले तेल पळवतो, असाही इराकचा आरोप होता.

इराकला समुद्रकिनारा जेमतेम आहे. त्याच्या उम्म कस्र बंदराकडे जाणाऱ्या वाटेवरची वर्बा आणि बुबियान ही बेटे कुवेतची. कुवेत मुळात बसरा प्रांताचाच भाग, हा दावा इराकने १९६१ मध्ये कुवेत स्वतंत्र झाला तेव्हाही केला होता. पुढे १९६३ मध्ये त्याने कुवेतचे स्वातंत्र्य मान्यही केले होते.

चुकलेला अंदाज

यातली प्रत्येक तक्रार वाटाघाटीत सुटण्यासारखी होती. पण निर्णय एकाच माणसाच्या हाती होता आणि त्याला जाब विचारणारे देशात कोणी नव्हते. अरब देशांमधल्या सीमावादात अमेरिकेचे काही मत नाही, असे राजदूत एप्रिल ग्लास्पी यांनी २५ जुलैला सद्दाम यांना सांगितले होते. जग निषेध करील आणि गप्प बसेल, असाच हिशेब बगदादने केलेला दिसतो. १ ऑगस्टला जेद्दा येथील बोलणी फिसकटली आणि दुसऱ्याच दिवशी चढाई झाली.

जगाचे उत्तर

सुरक्षा परिषदेने त्याच दिवशी ठराव ६६० करून माघारीची मागणी केली आणि चार दिवसांनी आर्थिक निर्बंध लादले. इराकने मात्र कुवेतला आपला १९ वा प्रांत म्हणून जाहीर केले. १५ जानेवारी १९९१ ची मुदत उलटल्यावर अमेरिकेच्या नेतृत्वाखालील फौजांनी हवाई हल्ले सुरू केले. २४ फेब्रुवारीला जमिनीवरची लढाई सुरू झाली आणि सुमारे १०० तासांत थांबली. कुवेत मुक्त झाला.

झळ कोणाला बसली?

कुवेत : माघार घेताना इराकी सैन्याने सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवल्या. शेवटची आग नोव्हेंबर १९९१ मध्ये विझली. पकडून नेलेले शेकडो लोक परतलेच नाहीत.

पॅलेस्टिनी : त्यांच्या नेतृत्वाचा कल सद्दामकडे होता, म्हणून कुवेतमध्ये वर्षानुवर्षे राबलेल्या लाखो पॅलेस्टिनींना बिऱ्हाड गुंडाळावे लागले.

इराकी जनता : पूल आणि वीजकेंद्रे उद्ध्वस्त झाली. २००३ पर्यंत चाललेल्या निर्बंधांत औषधांची आणि अन्नाची टंचाई सामान्य माणसाने सोसली.

भारत : अडकलेल्या एक लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी मायदेशी आणावे लागले. त्यातल्या बहुतेकांना एअर इंडियाने अम्मानहून मुंबईला आणले. तेल महागले, आखातातून घरी येणारा पैसा आटला आणि आधीच खालावलेली परकीय चलनाची गंगाजळी तळाला गेली. १९९१ मध्ये देशाला सोने गहाण ठेवावे लागले, त्यामागे हेही एक कारण होते.

हिशेब

संयुक्त राष्ट्रांनी इराकवर ५२.४ अब्ज डॉलरची भरपाई बसवली. ती तेलाच्या उत्पन्नातून कापली गेली आणि शेवटचा हप्ता २०२२ मध्ये फिटला. सद्दाम यांना जे कर्ज नको होते, त्याच्या साडेतीन पटींहून अधिक रक्कम इराकने मोजली. चढाईचा निर्णय एकाने घेतला. ती रक्कम फेडली ती त्या वेळी जन्मालाही न आलेल्या इराकींनी.